एका थाळीतली दोन मांजरं

नवाबभाई गाद्या चांगल्या भरायचे, त्यात वाद नाही. पण चामोर्शीत त्यांचं नाव निघायचं ते गादीवरून कमी आणि थाळीवरून जास्त. थाळी तांब्याची, कल्हई केलेली, परातीएवढी ऐसपैस. लग्नकार्यात चार-पाच जणांनी एकाच थाळीभोवती बसून जेवायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. नवाबभाईंनी त्या रीतीचं औषध करून टाकलं होतं. गावात कुणाचं बिनसलं की दोघांना घरी बोलवायचं, मध्ये थाळी ठेवायची, तिच्यात गरम भात आणि सालन ओतायचं, मटण न खाणारा असेल तर वरण, आणि आपण दोघांच्या मधोमध मांडी घालून बसायचं. थाळी रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकाच भातात बोटं भिडली की माणसाला वर मान करून भांडता येत नाही, असं ते म्हणायचे आणि म्हणताना दाढी कुरवाळायचे.

आठवडी बाजारात भाजी विकणारे इसरू आणि मंगरू कडुलिंबाच्या सावलीतल्या जागेवरून तागडीनं एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते, तेही या थाळीवर जेवून गेले. जाताना दोघं गळ्यात गळा घालून गेले म्हणे. लोक तोंड भरून बोलायचे आणि नवाबभाई ते कान भरून ऐकायचे. माणसाला एक गुण दिला की देव त्याच्यासोबत थोडी घमेंडही बांधून देतो. ती पुडी उघडायची की नाही, ते ज्याचं त्यानं पाहावं.

त्यांची बायको मलिका वारली आणि घर मुकं झालं. मुलगा रईस मुळात मितभाषी. वेल्डिंगचं काम शिकलेला, सकाळी जायचा, दिवे लागल्यावर यायचा आणि जेवून झोपायचा. मलिकेमागं राहिली ती तिची मांजर, बेगम. कापसाच्या गाठोड्यात सापडलेलं डोळे न उघडलेलं पिल्लू मलिकेनं रुईच्या वातीनं दूध पाजून जगवलं होतं. काळी-पांढरी, नाकावर काळा डाग, चालणं असं की खरोखरच कुणी बेगम वाटावी. मलिका गेल्यावर ती नवाबभाईंच्या पायथ्याशी झोपू लागली. जे कुणापाशी बोलता येत नाही ते नवाबभाई तिच्यापाशी बोलायचे. बेगमची वागणूकही घरंदाज. मागच्या दारानं परसात जायची, चुलीतली राख टाकायचा ढीग होता तिथं आपलं उरकायची, वरून राख ओढायची आणि पंजे झटकत परत यायची. मांजराचं उष्टं चालतं पण मूत नापाक, हा घरचा नियम जणू तिलाही पाठ होता.

मग रईसचं लग्न झालं आणि महेक आली. आलापल्लीची पोरगी. तिचे वडील मोहसीन तिथल्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला. बिदाईच्या वेळी पेटी आली, भांडी आली आणि शेवटी झाकण बांधलेली एक बांबूची टोपली आली. टोपलीत शेरू होता, सागाच्या भुशासारख्या रंगाचा तरणाबांड बोका. गल्लीतल्या बायका हसल्या की आंदणात कुणाला म्हैस मिळते, रईसला बोका मिळाला. नवाबभाईही हसले. त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही पोरगी बोलायची. सकाळी उठल्यापासून बोलायची. आलापल्लीच्या डेपोतल्या लाकडांबद्दल, रस्त्यावर आडव्या आलेल्या अस्वलाबद्दल, तिच्या आईच्या हातच्या आंबाडीच्या भाजीबद्दल. सासऱ्यासमोर सुनेनं एवढं बोलू नये असं कुणीतरी तिला सांगितलं असेलच, पण ते तिच्या कानात टिकलं नाही. नवाबभाई तोंडाला फडकं बांधून पिंजणाचं मशीन चालवत असायचे, महेक चहा घेऊन यायची आणि बोलायला लागायची. मशीनच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही म्हणून ते मशीन बंद करायचे. मशीन बंद ठेवून कमाई करणारा हा पहिलाच पिंजारी, अशी बाजारात थट्टा व्हायची. त्यांना त्या थट्टेचं काही वाटायचं नाही. घरात पुन्हा आवाज आला होता आणि तो त्यांना हवा होता, इतकी ती साधी गोष्ट.

मांजरांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं नाही. बेगमनं शेरूला पाहिलं, पाठीची कमान केली आणि कापसाच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. शेरू तरणा, अंगात मस्ती. त्याला खेळ हवा होता. तो दाराआड दबा धरून बसायचा आणि बेगम जवळून गेली की तिच्यावर उडी टाकायचा. म्हातारीला असले खेळ कुठून आवडणार? ती फिसकारायची, पंजा मारायची, मग त्यालाही चेव चढायचा. घरात केसांचे पुंजके उडू लागले.

आणि मग एके दिवशी पिंजून ठेवलेल्या रुईतून वास आला. मांजराच्या मुताचा वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्यानं सुखी राहावं. डोळ्यांत जातो तो. कापसाला लागला तर कापूस फेकूनच द्यावा. नवाबभाईंनी एक ढीग फेकला. दुसऱ्या आठवड्यात दुसरा फेकला.

महेकनं तेव्हाच उपाय सांगितला होता. तिच्या वडिलांच्या आरामशीनवर उंदरांसाठी पाच-सहा मांजरं पाळलेली. त्यांच्यात कधी मारामारी झाली नाही, कारण प्रत्येकाची ताटली वेगळी, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशी ठेवलेली. प्रत्येकाला चढून बसायला उंचावर आपापली जागा. आणि कोपऱ्याकोपऱ्यांत भुसा भरलेले पत्र्याचे डबे, जितकी मांजरं त्याहून एक जास्तच. म्हणजे एकानं वाट अडवली तरी दुसऱ्याची अडचण होत नाही. तिनं सासऱ्यांना हेही दाखवलं की वास येतो ती जागा रुईच्या मधोमध असते.

"बोका उभ्यानं भिंतीवर उडवते, अब्बा," ती म्हणाली. "हे तं बसून केलं हाय. हे शेरूचं काम नाई. बेगमले मागच्या दाराले जाता येऊन नाई राह्यलं, तिले भेव वाटते. दोन ताटल्या करा ना जी. दोन डबे ठेवा."

नवाबभाईंना त्यातलं एकच ऐकू आलं, की सून बेगमवर बालंट आणते आहे. मलिकेच्या मांजरीवर. वरून ती दोन ताटल्या करा म्हणते, त्यांच्या घरात! साऱ्या गावाला एका थाळीत जेवू घालणाऱ्या माणसाच्या घरात दोन मांजरांना दोन ताटल्या, आणि शिवाय घराच्या आत पायखाना. ते हसले. म्हणाले, बेटा, तू लहान आहेस, भांडण कसं मिटवायचं ते मी तुला दाखवतो.

महेकनं आणखी एकदाच सांगून पाहिलं. "मांजरं भाऊ-भाऊ नसते, अब्बा. शेजारी असते."

बोलणं छान आहे असं नवाबभाईंना वाटलं. पण पटलं नाही.

त्यांनी थाळी काढली. तीच, माणसांची. तिच्यात दूध-भात कालवला, वर मासोळीचे तुकडे टाकले, आणि ती नेमकी मागच्या दारात ठेवली, कारण तिथं उजेड चांगला होता. एका हातानं बेगमला धरलं, दुसऱ्या हातानं शेरूला, आणि दोघांची तोंडं एका भातात नेली. पहिल्या दिवशी बेगमनं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी शेरूनं तिचा कान फाडला. नवाबभाई हटले नाहीत. इसरू-मंगरूही पहिल्या घासाला असेच तोंडं फिरवून बसले होते, असं ते म्हणाले. मग त्यांनी दोघांना कापसाच्या खोलीत एकत्र कोंडलं. आतून जो काही आवाज आला, तो ऐकून शेजारच्या रुखमाबाई, अंगणवाडी चालवणाऱ्या, हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. दार उघडून नवाबभाई आत शिरले तेव्हा बेगमनं, त्यांच्या बेगमनं, त्यांच्या मनगटात दात रोवले. हात सुजला, सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या लागल्या. सुजल्या हातानंही त्यांनी ताटल्या दोन केल्या नाहीत.

थाळी मागच्या दारात होती म्हणून शेरू दिवसभर मागच्या दारातच बसू लागला. बेगमची राखेची वाट तिथूनच होती. नवाबभाईंनी आपल्या हातानं तिची वाट बंद केली होती आणि त्यांना ते दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो.

कडेलोट झाला तो रुखमाबाईंच्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नात. तिच्या आंदणाची गादी नवाबभाईंनी जीव ओतून भरली होती. शेजारच्या पोरीची म्हणून टाके बारीक घातले, कडेला गोट लावला. रात्रभर कापसाच्या खोलीत राहिलेली गादी सकाळी तशीच गुंडाळून सासरी गेली. तिथं चार पाहुण्यांसमोर ती उलगडली आणि सगळ्यांनी नाकाला पदर लावला. रश्मीला सासरच्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या माहेरच्या स्वच्छतेबद्दल काय ऐकवलं असेल, ते ती कधी बोलली नाही. रुखमाबाई गादी परत घेऊन आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की भाऊ, दुसरी देऊन द्या, झालं ते झालं. नवाबभाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या दिवशी महेक शेजारच्या गल्लीत हळदीच्या कार्यक्रमाला गेली होती. नवाबभाईंनी शेरूला पोत्यात घातलं. बिचारा सहज आला, त्याला वाटलं काहीतरी खेळच आहे. तिकडं एक समज आहे की मांजर कुठंही सोडलं तरी घर शोधत परत येतं, पण नदीपार केलं तर येत नाही. पाणी ओलांडलं की त्याची वाट तुटते. मार्कंड्याकडं वैनगंगेत मासे धरणारा पोचू बाजारात आला होता. त्याच्या डोंग्यातून पोतं पलीकडं पोचवायचं ठरलं. पोचूनं विचारलं, घरचं जनावर हाये का? नवाबभाई म्हणाले, घरचं नाही, सुनेच्या माहेरचं.

महेक परत आली, तिनं हाका मारल्या. नवाबभाईंनी तिला सरळ सांगितलं, लपवलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ती रडेल, भांडेल, माहेरी निरोप धाडेल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. समजूत कशी काढायची तेही ठरवून ठेवलं होतं. तिनं काहीच केलं नाही. डोक्यावरची ओढणी नीट केली आणि स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी भाकरी गरम होती, सालनात मीठ बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी चहा वेळेवर आला. कप ठेवला आणि ती गेली. नवाबभाईंनी मशीन बंद केलं होतं, ते तसंच बंद राहिलं.

तिचं बोलणं गेलं ते गेलंच. विचारलं तर उत्तर द्यायची, आदरानं द्यायची, एका शब्दात काम होत असेल तर दोन वापरायची नाही. नवाबभाईंना वाटलं पोरगी आहे, रुसली आहे, महिना-पंधरा दिवसांत विसरेल. कारण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं उभी होती. वास थांबला होता. शेरू गेला आणि रुई कोरडी, स्वच्छ राहू लागली. त्यांनी बाजारात सांगितलं, रुखमाबाईंना सांगितलं, रईसला दोनदा सांगितलं की पाहा, चोर गेला आणि चोरी थांबली. महेक ऐकत असताना सांगितलं. ती तेव्हा पीठ चाळत होती आणि चाळतच राहिली. हे आठवलं की आजही त्यांना अंगावरचं पांघरूण डोक्यावर ओढून घ्यावंसं वाटतं.

महिने गेले, वर्ष गेलं. मग रईसला चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला एका ठेकेदाराकडं वेल्डरचं काम लागलं. ओळखीच्या एका कामगाराच्या क्वार्टरमधली खोली मिळाली. नवाबभाईंना कुणीतरी सांगितलं की ते काम रईसनं नाही, महेकनं शोधायला लावलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जाताना तिनं वाकून सलाम केला, औषधाच्या गोळ्या कुठं ठेवल्या ते सांगितलं, बेगमच्या पाठीवरून हात फिरवला. बेगमकडं मात्र ती बराच वेळ पाहत राहिली.

ती गेल्याच्या आठवड्यात रुईतून वास आला.

नवाबभाईंना वाटलं बाहेरचा कुणी बोका शिरला असेल. त्यांनी खिडकीला जाळी मारली. तरी वास आला. मग एका दुपारी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बेगम हळूहळू चालत आली, म्हातारपणानं तिचे मागचे पाय लटपटायला लागले होते. ती पिंजणाच्या मशीनमागं गेली, तिथून लगेच नाराजीनं परत फिरली, आणि ताज्या पिंजलेल्या रुईवर बसली. बसून केलं. महेकनं सांगितलं होतं तसंच.

मशीनमागं काय आहे म्हणून नवाबभाई वाकले. जुन्या पोत्यांच्या आड तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून ठेवलेला होता. त्यात सागाचा भुसा होता, आता ओला गच्च आणि काळा पडलेला. शेजारी एक मोडकी कालथी. एका वाटीत भिजवलेल्या रिठ्यांची सालं, वाळून कडक झालेली. भिंतीच्या कडेनं एक चिंधीनं बांधलेला झाडू.

ते तिथंच खाली बसले. समजायला वेळ लागला नाही. समजू नये अशी इच्छा होती, पण समजलं. शेरू गेल्यावरही बेगमची सवय मोडली नव्हती. एकदा जागेला वास बसला की मांजर त्या जागेला सोडत नाही. महेकनं रिठ्याच्या पाण्यानं तो वास धुऊन काढला होता. सुताराकडून भुसा आणून डबा मांडला होता, बेगमला तिथं जायची सवय लावली होती, आणि ते उठायच्या आत तो डबा साफ करत आली होती. वर्षभर, तेही त्यांच्याच घरात. ते मात्र तिच्या समोर बसून सांगत होते, चोर गेला आणि चोरी थांबली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं होतं, आणि त्या संन्याशाची मालकीण चोराचे कपडे धूत बसली होती.

त्यांनी डबा धुतला. नवा भुसा आणला. बेगम आत गेली, उकरलं आणि शहाण्यासारखी बाहेर आली. काम एवढंसं होतं! एवढ्याशासाठी एक जीव नदीपार गेला.

पुढच्या बाजारच्या दिवशी ते इसरूजवळ जाऊन बसले. आपली एक गोष्ट तरी खरी आहे ना, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं. त्यांनी विचारलं की त्या दिवसापासून मंगरूशी नीट चाललंय ना? इसरू वांगी मांडता मांडता संकोचला. म्हणाला की भाऊ, तुमच्यासारख्या माणसानं घरी बोलावून खाऊ घातलं, नाही कसं म्हणणार? जेवलो. घरी जाऊन पुन्हा तेच. ते मिटलं कधी, तर मंगरूनं पलीकडच्या झाडाखाली दुकान हलवलं तेव्हा. आता मध्ये जागा आहे म्हणून रामराम तरी होतो. हे तो काही लपवत असल्यासारखं नाही, सहज बोलला. नवाबभाई पाव किलो वांगी घेऊन घरी आले आणि ती तशीच सुकली.

मग ते पोचूच्या डोंग्यातून पलीकडं गेले. एका वर्षानं मांजर सापडत नसतं हे त्यांना कळत होतं. तरी गेले. दोन-तीन गावांत फिरले, भुसकट रंगाचा बोका पाहिला का म्हणून विचारत सुटले. पोरं मागं हसत आली. एका बाईनं त्यांना पाणी पाजलं आणि मांजरासाठी एवढं का म्हणून विचारलं, तेव्हा ते तांब्या परत देऊन पुढच्या घराकडं वळले. परत येताना पोचूनं वल्हं मारता मारता आपणहून सांगितलं की त्या दिवशी पोतं सोडलं तेव्हा बोका पळाला नाही. काठावर बसला आणि पाण्याकडं पाहत राहिला. डोंगा अर्ध्यावर आला तरी तिथंच होता. नवाबभाईंनी पोचूला गप्प बस म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं. एवढं ऐकून घेण्याचं तरी आपण देणं लागतो असं त्यांना वाटलं.

हिवाळ्यात ते ऊर्जानगरला गेले. चंद्रपूरहून बस बदलून, एक नवी रजई काखोटीला मारून. रईस कामावर होता. महेकनं दार उघडलं, रजई घेतली, पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या अंगावर दिवस गेल्याची खूण दिसत होती. ही बातमी त्यांना कुणी कळवली नव्हती. खोली लख्ख होती. मांजर नव्हतं. तिनं बेगमची चौकशी केली. नवाबभाईंनी सांगितलं, आता दिसायला कमी झालंय, खाते थोडंच, पण आहे.

मग ते म्हणाले, "डबा सापडला, बेटा."

महेकनं गाळणीतला चोथा काढला.

"तू मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमचं भेव वाटे, अब्बा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "एकाले नदीपार टाकलं. सांगतलं असतं तं तिलेबी टाकलं असतं तुम्ही."

नवाबभाईंच्या जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. सारा गाव ज्याच्याकडं भांडण घेऊन यायचा, त्याच्या घरातली पोर त्याला भिऊन पोत्यांच्या आड डबा लपवत होती. त्यांना ते सहन होईना. तिचा गैरसमज तरी काढावा म्हणून ते घाईनं बोलून गेले.

"नसतं टाकलं. बेगमले कसा टाकीन मी? ते तुह्या सासूची..."

आणि ते थांबले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना बोलता बोलताच कळलं होतं. चुकी कुणाची हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. बेगम त्यांची होती म्हणून ती राहिली असती, कशीही वागली असती तरी. पोचूनं विचारलं तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं होतं, तेच खरं कारण होतं.

महेकनं कप त्यांच्यासमोर ठेवला.

"अन् शेरू माहा होता," ती म्हणाली.

बाहेर कामगारांची बस येऊन थांबली, माणसं उतरली, कुणीतरी कुणाला हाक मारली. नवाबभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आयुष्यात त्यांनी कितीतरी जणांना माफी मागायला लावली होती, स्वतः कधी मागितली नव्हती. कशी मागतात ते त्यांना नीट येईना. हात जोडावेत की नाही तेही समजेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मले माफ कर, बेटा. माही चुकी झाली."

महेक त्यांच्यासमोर खाली बसली. पूर्वी गादीघरात बसायची तशी, गुडघे जवळ घेऊन. क्षणभर त्यांना वाटलं की आता ती बोलायला लागेल.

"माफ तं मी कवाच केलं, अब्बा," ती म्हणाली. "मनात काई नाई. पर पहिल्यासारखं बोलनं येत नाई आता. येवो म्हटलं तरी येत नाई."

ती खोटं बोलत नव्हती, आणि त्यांना दुखवण्यासाठीही बोलत नव्हती. एवढं त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायला. मग दोघं रईसच्या येण्याची वाट पाहत बसून राहिले.